पंजाची गादी कापली : भात लावणीच्या दिवसांतलं एक प्रकरण

रुग्ण : वाघ्या, देशी कुत्रा, नर, वय अंदाजे 4 वर्षं, वजन 18 किलो.
ठिकाण : खानापूर तालुका, जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातलं एक गाव.
तक्रार : पुढच्या डाव्या पंजाच्या मोठ्या गादीला काचेने खोल काप, रक्त थांबत नाही.
रेबीजची लस : पिल्लू असताना एकदा, त्यानंतर नाही.

जखम तशी फार मोठी नव्हती. अशा जखमा पावसाळ्यात आमच्याकडे सतत येतात. तरीही हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण गावाबाहेरचा पूल पाण्याखाली गेल्यामुळे कुत्रं दवाखान्यात यायला दुसरा दिवस उजाडला. रात्रभर उपचार जे झाले ते घरातच, फोनवर विचारून. पाय वाचला तो त्या उपचारांमुळे. पुढे जी गुंतागुंत झाली तीही घरातच, आणि जखमेपेक्षा पट्टीमुळे.

जुलैची लावणी जोरात होती. वाघ्या रोजच्यासारखा मालकाच्या, म्हणजे तात्यांच्या, मागून शिवारात गेला. त्यांचं खाचर ओढ्याला लागून आहे आणि वरच्या अंगाला रस्ता. पावसाळ्यात चोर्ला घाटाकडे जाणाऱ्या गाड्या वाढतात, लोक धबधबे बघायला थांबतात, बाटल्या तिथेच फोडून जातात, आणि काचा पाण्याबरोबर खाचरात उतरतात. लावणीला वाकलेल्या बायकांचे पाय दरवर्षी कापतात, बैलांच्या खुरात काचा शिरतात. चिखलात काच दिसत नाही, हाताला लागते तेव्हाच कळते. बाटली फेकणाऱ्याला हे कधी बघावं लागत नाही, याची मला फार चीड येते.

दिवस मावळताना तात्यांच्या सुनेचा फोन आला. "डाक्टर, वाघ्याचं रक्त थांबंना झालंय बघा. सगळी पडवी लाल झालीय."

"वहिनी, आधी त्याचा ओठ वर करून हिरडी बघा. गुलाबी आहे की पांढरी?"

हे मी सगळ्यात आधी विचारतो, कारण फरशीवरचं रक्त माणसाला फसवतं. पंजाच्या गादीत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, त्यामुळे लहान कापही भळाभळा वाहतो. त्यात कुत्रं ओल्या पायाने घरभर फिरलं की पेलाभर रक्ताने सगळं घर माखल्यासारखं दिसतं. 18 किलोच्या कुत्र्याच्या अंगात साधारण दीड लिटर रक्त असतं. त्यातला पाचवा हिस्सा गेला तर काळजीची वेळ येते. हिरडी गुलाबी असेल, बोटाने दाबल्यावर पांढरी होऊन दोनेक सेकंदांत परत गुलाबी होत असेल, तर शांतपणे काम करायला वेळ आहे. वाघ्याची हिरडी गुलाबी होती. पांढरट असती, कुत्रं गळून पडलं असतं किंवा रक्त चिळकांडीसारखं उडत असतं, तर मी वेगळं बोललो असतो : दाब धरूनच निघा, वाट कुठूनही काढा.

दुसरा प्रश्न होता, माझ्या आधी कोणी काय केलं. तो विचारलाच पाहिजे, कारण घरचे आपणहून सांगत नाहीत. शेजारचे काका मदतीला धावले होते. त्यांनी साप चावल्यावर बांधतात तशी मनगटाच्या वर सुतळी करकचून बांधली होती आणि जखमेत चुना-तंबाखू दाबला होता. ते करताना वाघ्या कळवळून उलटला आणि काकांच्या अंगठ्याला दात लागला. तिथेही त्यांनी चुनाच लावला.

काकांच्या भावनेत काही खोट नव्हती. आमच्या भागात रक्त थांबवायला हात आधी कमरेच्या चंचीकडेच जातो. निपाणीचा पट्टा तंबाखूचाच, प्रत्येक घरात ती असते. पण कुत्र्याच्या उघड्या जखमेत तंबाखू म्हणजे सरळ विष. निकोटीन उघड्या मांसातून अंगात भिनतं, शिवाय कुत्रं जखम चाटतं तेव्हा पोटातही जातं. लाळ गळणं, उलट्या, अंग थरथरणं, छाती धडधडणं ही त्याची लक्षणं. चुना मांस जाळतो आणि जळलेल्या कडा नंतर सांधत नाहीत. हळदीबद्दलही सांगून टाकतो. ती विष नाही, पण स्वयंपाकघरातल्या डब्यातली हळद काही निर्जंतुक नसते. तिचा लगदा जखमेवर वाळला की खाली घाण अडकून राहते आणि सगळं पिवळं झाल्यावर जखमेची कड कुठली हे मलाही दिसत नाही. कॉफी पावडर, राख, रॉकेल, फिनेल यांबद्दल वेगळं लिहायची गरज नाही. फक्त नखाचं टोक तुटून रक्त येत असेल तर मक्याचं पीठ किंवा तुरटीची पूड नखावर दाबून धरली तरी चालते. तो प्रकार वेगळा. गादीच्या कापात कुठलीही पूड नको.

मी सांगितलेला क्रम असा होता.

आधी तोंड बांधा. कितीही मायेचं कुत्रं असलं तरी दुखल्यावर चावतं. ओढणीची लांब पट्टी घेऊन मुस्कटाभोवती वरून एक सैल गाठ, मग टोकं जबड्याखाली नेऊन एक फुली, आणि शेवटी कानांच्या मागे सुटेल अशी गाठ. नाक मोकळं राहिलं पाहिजे. तोंड बांधलेल्या कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत आणि उलटी आली तर ती घशात अडकते. वाघ्याच्या पोटात तंबाखू गेल्याची शक्यता होती, म्हणून वहिनींना बजावलं की पाच-सात मिनिटांचं काम झालं की पट्टी सोडा, थोडं थांबा, मग परत बांधा. मळमळायला लागला तर लगेच सोडा. एक माणूस डोक्याशी बसून बोलत राहील, दुसरा फक्त पाय बघेल. नातू डोक्याशी बसला. वाघ्या त्याचंच ऐकतो.

मग दाब. तात्यांचं धुतलेलं धोतर फाडून घडी केली आणि वहिनींनी ती गादीवर तळहाताने दाबून धरली, पाय थोडा उचलून. दहा मिनिटं घडी उचलून बघायचं नाही, ही माझी अट होती. बहुतेकांचं इथेच चुकतं. दर मिनिटाला "थांबलं का?" म्हणून कापड उचललं की धरलेली गुठळी कापडाबरोबर निघून येते. कापड भिजलं तर ते तसंच ठेवून वर दुसरं ठेवायचं. दाब नीट बसल्यावरच मी सुतळी कापायला सांगितली. सुतळीने खालचं सगळं रक्त तोडलं जातं आणि जास्त वेळ राहिली तर अख्खा पंजा मरतो. कुत्र्यात आणखी एक धोका असतो. केसांत रुतलेली दोरी दिसत नाही, वर पट्टी बांधली जाते आणि खाली दोरी आहे हे सगळे विसरून जातात. तशी काळी पडलेली बोटं मी बघितली आहेत. गादीच्या जखमेला आवळबंध लागत नाही, हाताचा दाब पुरतो.

वहिनी दाब धरून होत्या तोवर मी काकांना फोनवर बोलावलं. अंगठ्यावरचा चुना धुऊन टाका, वाहत्या पाण्याखाली साबण लावून घड्याळ बघून 15 मिनिटं धुवा, वर काही बांधू नका, आणि पूल उघडला की सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा. काका म्हणाले, "घरचाच कुत्रा हाय की डाक्टर, तो काय पिसाळलेला न्हाय." घरचाच होता, पण त्याला गेली काही वर्षं लस नव्हती आणि तो दिवसभर शिवारात मोकळा फिरतो. कुत्र्यावर 10 दिवस नजर ठेवायची हे खरं, मात्र माणसाची लस त्यासाठी थांबवायची नसते. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की पुढे उपाय राहत नाही. काकांना पटायला वेळ लागला, पण ते गेले. या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. पंजाची जखम बिघडली असती तर कुत्रं लंगडलं असतं. अंगठ्याचा ओरखडा दुर्लक्षित राहिला असता तर किंमत कितीतरी मोठी होती.

रक्त थांबल्यावर खरा निर्णय आला. जखम धुवायची की तशीच झाकायची? अर्ध्या तासात दवाखान्यात पोहोचणार असाल तर झाका आणि निघा, धुणं आमच्यावर सोडा. इथे सबंध रात्र जायची होती आणि जखमेत खाचराचा चिखल, शेणखत, तंबाखू आणि चुना होता. धुताना थोडं रक्त पुन्हा येणार हे गृहीत धरून मी धुवायला सांगितलं. एक लिटर पाणी उकळून कोमट होऊ दिलं, त्यात 9 ग्रॅम मीठ, म्हणजे चहाच्या चमच्याने सपाट दीड चमचा. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीच्या झाकणाला दाभणाने भोक पाडलं की बाटली दाबल्यावर बारीक, जोराची धार येते. चिखल सुटतो तो त्या धारेनेच, नुसतं पाणी ओतून सुटत नाही. वहिनींनी तीन बाटल्या वापरल्या. शेवटच्या बाटलीत बीटाडीनचे थेंब टाकले, पाणी फिक्या कोऱ्या चहासारखं दिसेपर्यंत. बीटाडीन घट्ट ओतलं तर जंतूंबरोबर नवीन मांसही मरतं. डेटॉल घरात होतं, ते नको म्हटलं. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघायला बरा वाटतो, पण तो जखमेच्या पेशी जाळतो. स्पिरिटने तर कुत्रं किंचाळतं आणि पुढच्या वेळी कोणाला पाय देत नाही.

धुताना बोटांच्या बेचक्यात हिरव्या काचेचा एक तुकडा दिसला, वरच्यावर चिकटलेला. तो धारेनेच निघाला. नातवाला गादीच्या आत आणखी काहीतरी चमकल्यासारखं वाटलं आणि तो आईचा चिमटा आणायला पळाला. मी अडवलं. वर सुटं पडलेलं काढायचं, आत रुतलेलं काढायचं नाही. ओढताना काच आतच मोडते, नाहीतर जिने आतली रक्तवाहिनी दाबून धरलेली असते तीच काच निघून येते.

हे सगळं हातमोजे घालून, ते नव्हते म्हणून दोन्ही हातांना स्वच्छ प्लास्टिक पिशव्या घालून केलं. भातखाचरातल्या पाण्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायराचे जंतू येतात. कुत्र्याच्या जखमेतून ते कुत्र्याला आणि लावणीत चिरलेल्या हातांतून माणसाला होतात.

मग पट्टी. बोटांच्या बेचक्यांत कापसाच्या पातळ वळ्या, कारण कुत्र्याला घाम येतो तो पंजाच्या गादीतून आणि बेचक्यात ओल धरली की कातडी सडते. जखमेवर गॉजची घडी, तिच्यावर कापसाचा थर, आणि वरून तात्यांच्या गुडघ्यासाठी आणलेलं क्रेप बँडेज. क्रेप पूर्ण ताणून गुंडाळलं की तेच आवळबंध होतं, म्हणून ते आधी सैल उलगडून घ्यायचं आणि अर्ध्या ताणाने, बोटांकडून वर गुंडाळत मनगटाच्या वरपर्यंत न्यायचं. खालीच थांबवलेली पट्टी चार पावलांत गळून पडते. मधल्या दोन बोटांची नखं मात्र उघडी ठेवायची. पट्टीच्या आत काय चाललंय हे त्या नखांवरूनच कळतं. नखं एकमेकांजवळ आणि बोटं कोमट असतील तर ठीक. नखं फाकली, बोटं सुजली किंवा गार पडली तर पट्टी घट्ट झाली, ती लगेच सोडायची, मग रात्रीचे दोन का वाजले असेनात. वहिनी रात्री उठून उठून नखं बघत होत्या.

गोळीचा प्रश्न आलाच. तात्यांकडे गुडघेदुखीची डायक्लोफेनॅक होती, नातवाच्या तापाची पॅरासिटामॉल होती. दोन्हींना मी नाही म्हटलं. डायक्लोफेनॅक आणि आयबुप्रोफेन यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंड निकामी होतं. पॅरासिटामॉल यकृतावर जातं. डायक्लोफेनॅक तर जनावरांसाठी भारतात 2006 पासून बंद आहे, ते गिधाडांच्या मृत्यूंमुळे. एक रात्र दुखणं सोसावं लागलं, पण ते विषबाधेपेक्षा बरं. पातळ पेज आणि पाणी दिलं, गोणपाट अंथरून पडवीच्या कोपऱ्यात बांधलं. एकदा लाळ गळाली, उलटी झाली नाही, अंग थरथरलं नाही.

सकाळी पाणी ओसरलं आणि टेम्पोत घालून त्याला आणलं. भूल देऊन जखम उघडली. गादीच्या मधोमध आडवा काप, अंगठ्याच्या पेराएवढा लांब, गादीच्या खालच्या चरबीपर्यंत गेलेला. स्नायूबंध शाबूत होते. जखम आतून आश्चर्य वाटावं इतकी स्वच्छ होती. एका कडेला मात्र करडा, चामड्यासारखा कोरडा पट्टा, चुना जिथे टेकला होता तिथे. शोधक सळई आत फिरवताना एका ठिकाणी तिला टक् असं लागलं. मांसावर सळई लागते तेव्हा आवाज होत नाही. तिथून तांदळाच्या दाण्याएवढी काच निघाली. नातवाला चमकलेलं बहुधा हेच.

सहा-आठ तासांच्या पुढे गेलेली, चिखलात झालेली जखम टाके घालून बंद करायची का, यावर डॉक्टर-डॉक्टरांत मतभेद होतात. न धुतलेली असती तर मी ती उघडी ठेवून रोज धुवायला सांगितलं असतं. इथे चुन्याने जळलेली कड कापून टाकली, पुन्हा भरपूर धुतली आणि जाड नायलॉनचे मोजके, थोडे सैल टाके घातले. गादीवर अंगाचा भार येतो आणि प्रत्येक पावलाला ती पसरते. त्यामुळे बारीक टाके मांस कापत बाहेर येतात. याच कारणाने गादीचे टाके अंगावरच्या टाक्यांपेक्षा जास्त ठेवावे लागतात, दोन ते तीन आठवडे. वजनावरून मोजलेलं अँटिबायोटिक आणि कुत्र्यासाठी चालणारं वेदनाशामक दिलं. तात्यांनी "टीटीचं इंजेक्शन?" असं विचारलं, तसं सगळेच विचारतात. कुत्र्यात धनुर्वाताला निसर्गतःच बराच प्रतिकार असतो, माणसासारखं दर जखमेला ते देत नाहीत.

चाटू नये म्हणून घरच्यांनी छोट्या प्लास्टिक बादलीचा तळ कापून, कडेला कापड शिवून गळ्यात घातली. बाजारातल्या गळपट्ट्याइतकीच ती कामाला आली. "जीभ लावली की जखम बरी होते" असं आमच्याकडे म्हणतात, पण टाके घातलेल्या गादीवर जीभ म्हणजे सतत ओल, आणि दोन तासांत टाके उसवलेले मिळतात.

चौथ्या दिवशी फोन आला की पायाला वास येतोय. मी आणायला सांगितलं. पट्टी बाहेर जाताना भिजू नये म्हणून नंदिनी दुधाची रिकामी पिशवी धुऊन पंजावर चढवा, हे मीच सांगितलं होतं. ती युक्ती चांगली आहे. पण पाऊस थांबेना म्हणून घरच्यांनी पिशवी आदल्या दिवसापासून काढलीच नव्हती. पट्टी बाहेरून कोरडी, आतून घामाने ओलीचिंब. बोटं सुजून नखं फाकलेली, बेचक्यातली कातडी पांढरी आणि सुरकुतलेली, टाक्याच्या कडेला चिकट पू. ताप नव्हता. माझ्या मते पावसाळ्यात पंजाचं सगळ्यात जास्त नुकसान होतं ते इथे. काच एकदाच कापते, ओली पट्टी दिवसरात्र काम करत राहते. वर माशीने अंडी घातली तर दिवसाभरात किडे पडतात, आणि पट्टीखालचे किडे वेळेत कोणाला दिसत नाहीत.

एक टाका काढून पू वाहून जाऊ दिला, मिठाच्या पाण्याने धुतलं, आणि पट्टी लगेच न बांधता वाघ्याला दवाखान्याच्या कोरड्या फरशीवर, गळ्यात बादली घालून, तासभर पाय उघडा ठेवून बसवलं. हवेनेच अर्धं काम केलं. नंतरचा नेम कडक ठेवला. पिशवी फक्त लघवी-शीपुरती, आत आल्या आल्या काढायची. पट्टी रोज बदलायची, आणि मधेच भिजली तर त्याच क्षणी. बदलताना वास घ्यायचा. बऱ्या होणाऱ्या जखमेला औषधाचा वास येतो, बिघडलेलीला कुजका, गोडसर. वहिनींना तो फरक दोन दिवसांत इतका कळला की पुढे त्या फोनवर मला वासच सांगायच्या. चुलीजवळ, जिथे लावणीच्या दिवसांतही जमीन सुकी असते, तिथे त्याचं अंथरूण हलवलं. चिखलात जाणं बंद, पळणं बंद. तात्या शेताला निघाले की तो भुंकून घर डोक्यावर घ्यायचा, म्हणून तात्या मागच्या दाराने जायचे.

टाके तिसऱ्या आठवड्यात काढले. चुन्याच्या बाजूची कड सांधायला दुसऱ्या बाजूपेक्षा बराच वेळ लागला. तिथे गादी अजून गुळगुळीत आणि गुलाबी आहे, पूर्वीसारखी खरखरीत व्हायला आणखी काही आठवडे जातील. तोवर डांबरी रस्ता आणि कापलेल्या भाताची खुंटं टाळायला सांगितलं आहे. नवी गादी खुंटांवर पुन्हा फाटते आणि दुसऱ्यांदा फाटलेली नीट जुळत नाही. चाल सरळ आहे, भार चारही पायांवर समान.

टाके काढले त्या दिवशी रेबीजची आणि लेप्टोस्पायरासह एकत्रित लस दिली. एकत्रित लसीचा दुसरा डोस तीन-चार आठवड्यांनी, रेबीजची पुढची लस वर्षाने. काकांची लस ठरल्या तारखांना चालू आहे. बाटलीच्या झाकणाला भोक कसं पाडायचं हे त्यांनी नातवाकडून शिकून घेतलं आहे.